चांगला रस्ता, आखूड पल्ला

अमरावती–अकोला रस्त्याच्या नावावर जागतिक विक्रम आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. ज्यांनी हा रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांतून, वळणरस्त्यांवरून आणि धुरळा खात पार केला, ते तर जास्तच हसतात. पण गोष्ट खरी आहे. ३ जून २०२२ रोजी सकाळी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी लोणी आणि माना या गावांच्या दरम्यान डांबरीकरण सुरू झालं. ७ जूनच्या संध्याकाळी पाच वाजता काम थांबलं, तेव्हा ७५ किलोमीटर लांबीची सलग एक लेन तयार झाली होती. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, जेमतेम सव्वापंचवीस किलोमीटरचा. रखडलेला म्हणून बदनाम झालेला जुना सहा नंबरचा महामार्ग, आता त्रेपन्न नंबरचा होऊन, असा एका आठवड्यात गिनेस बुकात गेला.

हा माझ्या माहेरचा रस्ता. सासर अमरावतीला कॅम्पात, माहेर अकोल्याला जठारपेठेत. आणि दाराशी उभी आहे लहान बॅटरीची विजेची गाडी, वीस युनिटांच्या आतली. या गाडीला माहेरच्या रस्त्याचं कौतुक नाही. रस्ता जितका चांगला तितका हिचा पल्ला कमी. खड्डे होते तेव्हा माणूस नाइलाजाने पन्नासने जायचा. आता रस्ता हातात हात घालून नव्वदवर नेतो आणि बॅटरीचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून नव्वदवर गेलात की वेग दीडपट होतो आणि विरोध सव्वादोन पट. पेट्रोलच्या गाडीलाही हाच नियम लागू आहे, पण तिची टाकी पाच मिनिटांत भरते, म्हणून तिथे कुणी हिशेब ठेवत नाही.

हिशेब असा. कंपनी जो आकडा छापते तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे ना वारा असतो, ना मे महिना, ना मागच्या सीटवर बसलेल्या तीन नणंदा. माझा ढोबळ अनुभव सांगते. डिसेंबरात शहरातल्या शहरात एका युनिटला दहा किलोमीटर मिळतात. हायवेला साठ-सत्तरने गेलं तर एसीसकट आठेक. नव्वदने गेलं तर साताच्या आसपास, समोरून वारा असला तर त्याहून कमी. अकोला शंभराच्या जरा आत. म्हणजे एका चार्जिंगमध्ये अकोला आरामात गाठता येतं, पण त्याच चार्जिंगमध्ये परत येता येत नाही. सगळा संसार या एका वाक्याभोवती मांडावा लागतो, आणि एकदा मांडला की तो काही वाईट चालत नाही.

बडनेऱ्याच्या सिग्नलवर शेजारच्या गाडीवाल्याने हिरवी नंबरप्लेट पाहिली की प्रश्न ठरलेला असतो. ‘एवरेज किती देते?’ मी आकडा सांगते. मग दुसरा, ‘पुण्याले जाते का?’ नाही जात. तो मान हलवतो, जशी एखाद्या पोराची नोकरी सुटल्याचं कळल्यावर हलवतात. हा गृहस्थ स्वतः पुण्याला कधी गाडी घेऊन गेला आहे का, हे विचारायला सिग्नल पुरत नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईला लोक रेल्वेने जातात, नाही तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. पण गाडी घ्यायची ती पुण्याला जाणारी. वर्षातल्या दोन दिवसांसाठी उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस मोठी बॅटरी, तिचं वजन आणि तिचे हप्ते वाहायचे, हा हिशेब मला कधी पटला नाही. राजापेठ, पंचवटी, विद्यापीठ, भाजीबाजार, एखादं लग्न वलगावला, एखादी मयत चांदूर बाजारला. आमच्यासारख्यांचं रोजचं जगणं एवढ्याच परिघातलं असतं.

गाडीचा पल्ला शोरूममध्ये ठरतो असं लोकांना वाटतं. आमच्या भागात तो घराच्या मीटरपेटीत ठरतो. गाडी घेण्याआधी डीलरकडे जाऊ नका, आधी चांगल्या इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत थ्री-पिनचं वरचं मोठं भोक शोभेपुरतं असतं. मागे अर्थिंगची वायर नसते, असली तर बोर्डाच्या आत कापून गुंडाळून ठेवलेली असते. टीव्ही, मिक्सर, कूलर काही बोलत नाहीत, बिचारे चालत राहतात. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर लाल दिवा लावून बसून राहतो. नव्या गाडीच्या पहिल्या रात्री कित्येक घरांत हे नाटक होतं. मग शोरूमला फोन जातात, गाडी खराब निघाली म्हणून.

आणि अर्थिंग एकदा केलं की झालं, असं आपल्या काळ्या मातीत होत नाही. पावसाळ्यात ही माती इतकं पाणी धरते की अर्थिंग झकास लागतं. उन्हाळ्यात तीच आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खड्ड्यातला मीठ-कोळसा कोरडा पडतो आणि गाडी मार्चपर्यंत नीट चार्ज होऊन एप्रिलमध्ये अचानक रुसते. उपाय साधा आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओतायचं. आमच्या घरी कूलर धुतलेलं पाणी तिकडेच जातं. तुळशीला पाणी घालतानाच तिथेही घातलं की वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. विजेच्या गाडीला पाणी घालते म्हणून गल्लीतली पोट्टी हसतात, हसू द्या.

वायर चार एमएमची घ्या, मीटरपेटीपासून थेट, मधे एकही जोड नको. सोबत तिचा स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी. कूलरची पिवळी एक्स्टेन्शन लावून गाडी चार्ज करणारे लोक मी पाहिले आहेत. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी सात-आठ तास सलग वीज ओढते. तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट असला तर ठीक, चटका बसला तर तिथेच थांबा. मे महिन्यात संध्याकाळी सात ते अकरा तर चार्जिंगचं नावच काढू नये. सगळ्या कॉलनीचे कूलर-एसी एकाच डीपीवर असतात, व्होल्टेज पडलेलं असतं, आणि डीपी उडाली की लोक प्रथम तुमच्याच गाडीकडे बघतात. पहाटे तीनला लोड उतरलेला असतो, बॅटरीही थंड झालेली असते. बहुतेक गाड्यांत वेळ लावून ठेवायची सोय असते. जूनमध्ये ढग गडगडायला लागले की मात्र उठून प्लग काढावा. एक आकाशातली वीज चार्जर, फ्रिज आणि टीव्ही एका दमात संपवते.

बिलाचंही एक आहे. घरच्याच मीटरवर गाडी चार्ज केली तरी चालतं, पण महावितरणचे स्लॅब ध्यानात ठेवा. तीनशे युनिटांच्या वर गेलात की पुढचं प्रत्येक युनिट महाग. उन्हाळ्यात एसी आणि गाडी मिळून तिथे सहज पोचतात.

विजेच्या गाड्यांबद्दलचा बराचसा शहाणपणा थंड देशांतून आलेला आहे. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी दहात जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, तेव्हा त्यांना सल्ला द्यायचा हक्क आहे. पण ते सांगतात बर्फाबद्दल. बॅटरी गरम कशी ठेवावी, सीटचा हीटर लावावा, हिवाळ्यात पल्ला किती घटतो. आपल्याकडे हिवाळा हा गाडीचा सुगीचा काळ आहे. जानेवारीत अकोल्याला जाऊन पोचले की बॅटरी इतकी उरलेली असते की थेट शेगाव गाठून दर्शन घ्यावं, कचोरी खावी. आपलं संकट मे महिना. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा डांबरावर उभ्या गाडीत काय होत असेल ते सांगायला नको. लिथियमची बॅटरी उन्हाने एका दिवसात मरत नाही, ती हळूहळू म्हातारी होते, आणि सगळ्यात वेगाने तेव्हा, जेव्हा ती शंभर टक्के भरून भर उन्हात उभी असते. म्हणून उन्हाळ्यात रोजच्या कामाला ऐंशी टक्के भरणं पुरे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरावं लागतं, नाही तर तिचा काटाच चुकीचं सांगू लागतो. ते निघायच्या आधी पहाटे करावं, भरली की निघावं. गाडी कडुनिंबाखाली लावावी. पक्ष्यांची घाण धुता येते.

एसीबद्दल एक गंमत आहे. लोक हायवेला एसी बंद करून घामाने निथळत जातात आणि शहरात राजकमल चौकातल्या गर्दीत तो फुल लावतात. हिशेब नेमका उलटा आहे. एसी तासाला सरासरी एक युनिट खातो असं धरा. साठच्या वेगाने तासात साठ किलोमीटर कापले, तर त्या युनिटाचा भार साठ किलोमीटरवर पसरतो. गर्दीत तासाला पंधरा किलोमीटर सरकलात तर तोच भार पंधरावर पडतो. म्हणजे हायवेला एसी खुशाल लावा, वेग आवरा. एसीपेक्षा तुमचा उजवा पाय जास्त खातो. आणि उन्हात तापलेली गाडी प्लग लावलेली असतानाच गार करून घ्या, ती पहिली दहा मिनिटं भिंतीतल्या विजेवर जाऊ द्या.

आता माहेर. अकोल्याला पोचले की गाडीत तिसरा हिस्सा उरलेला असतो आणि परतीसाठी आठ-दहा युनिटं तरी भरून घ्यावी लागतात. सार्वजनिक चार्जर आहेत, पण त्यांचं काही सांगता येत नाही. महामार्गावरच्या एका हॉटेलात ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात गोणपाटाने झाकलेला होता. दुसरीकडे चार्जरसमोर एक डिझेलची गाडी लावून मालक जेवायला बसले होते, आणि उठायची त्यांना घाई नव्हती. म्हणून निघण्याआधी तिथे फोन लावून ‘चालू आहे का’ विचारावं, आणि वीस टक्क्यांना शून्य समजावं. पण खरा चार्जर म्हणजे नातेवाईक. पहिल्यांदा मोठ्या बाबांच्या अंगणात गाडी लावून मी प्लग मागितला तेव्हा संकोच वाटला होता. दिवसभरात त्यांच्या मीटरवर शंभरेक रुपयांची वीज पडणार. निघताना पैसे ठेवायचा प्रयत्न केला, तर ते खाटेवर उठून बसले. ‘अवं माय, पाहुण्याच्या बैलाले कडबा टाकाचे पैसे घेत होतो काय आमी?’

मग कडब्याची रीत सांगायला लागले. पाहुणा दमणीत बसून आला की आधी बैल सोडायचे, पाणी दाखवायचं, कडबा टाकायचा, मग पाहुण्याला गुळपाणी. बैलांची पुरती विश्रांती झाल्याशिवाय निघायचं म्हटलं तर यजमान बिघडायचा. आता माझी गाडी आली की ते नातवाला आवाज देतात, ‘पिन लाव रे तिची’, आणि मगच मला बसायला सांगतात. गाडी भरेपर्यंत पाच तास जातात. पूर्वी मी अकोल्याला जेवून, भांडी घासायच्या आत निघायची. आता दुपारची झोप होते, चहा होतो, मोठ्या आईशी बोलणं होतं. हे सगळं गाडीमुळे झालं, असं म्हणून मी तिची जाहिरात करणार नाही. ज्याला पाच तास काढता येत नाहीत, त्याच्यासाठी ते पाच तास भुर्दंडच आहेत.

वाटेत मूर्तिजापूर लागतं, साधारण मध्यावर. थांबत थांबत जाण्याची या गावाला जुनी सवय आहे. इथूनच अचलपूरला आणि यवतमाळला शकुंतला रेल्वे जायची, अडीच फुटी रुळांवरची. अचलपूरचे ७६ किलोमीटर कापायला तिला चारेक तास लागत. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं, आणि अलीकडे गाडीच बंद पडली. वाफेच्या इंजिनाला कोळसा आणि पाणी कुठे घ्यायचं हे आधी ठरलेलं असे, म्हणून टाक्या आणि स्टेशनं त्या हिशेबाने बांधली गेली. इंजिनाचा पल्ला कमी आहे म्हणून कुणी रडत बसलं नाही. आपण मात्र गाड्या आधी विकतो आणि टाक्या नंतर शोधतो. मूर्तिजापूरच्या बसस्थानकाशेजारी दोन चांगले चार्जर बारा महिने चालू राहिले, तर या पट्ट्यातली निम्मी काळजी मिटेल.

चिखलदऱ्याचं गणित निराळं आहे. अमरावतीहून अंतर ऐंशीच्या पुढे, पण परतवाड्यापर्यंत सपाटी आणि मग घाट. अमरावती साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या. माणसांसकट तेराशे किलोची गाडी एवढी वर उचलायला, तोटा धरून, तीनेक युनिटं लागतात. घाटात काटा झरझर उतरतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरू नये, कारण उतरताना मोटरच जनित्र होते आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भाग परत देते. फक्त वर मुक्कामात गाडी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही, मग मोटरचं गाडी अडवायचं काम बंद होतं आणि सगळा उतार ब्रेकवर काढावा लागतो. ऐंशीवर निघा, परतवाड्याला पोचेपर्यंत फारसं काही खर्च झालेलं नसतं. वरच्या लॉजमध्ये चार्जर विचारलात तर नाही म्हणतील. गिझरचा पॉइंट विचारा, तो जवळजवळ सगळीकडे असतो, जाड वायरचा.

विजेच्या गाड्यांचा विदर्भातला मोठा प्रयोग २०१७ च्या मे महिन्यात नागपुरात झाला. ओला आणि महिंद्राने मिळून दोनशे वाहनं टॅक्सी म्हणून रस्त्यावर आणली, त्यांत महिंद्राच्या लहान पल्ल्याच्या ई-टू-ओ प्लस मोटारीही होत्या. काही महिन्यांतच चालक चार्जरसमोरच्या रांगांना वैतागले आणि कित्येकांना डिझेल परत हवं झालं. हा प्रयोग फसला म्हणून विजेची गाडी फसली, असं त्या वेळी पुष्कळांनी ठरवून टाकलं. मला त्यातून दुसरंच दिसतं. टॅक्सीचं पोट दिवसाला दोन-अडीचशे किलोमीटरवर, आणि चालकाच्या घराला ना अंगण, ना स्वतःचा मीटर. आखूड पल्ल्याची गाडी ज्याला रात्री आपल्या दारात लावता येते त्याची. मुंबई-पुण्यात चार्जर ढीगभर आहेत, पण चौदाव्या मजल्यावरच्या माणसाला सोसायटीच्या सभेत वायरची परवानगी मागावी लागते. अमरावती-अकोल्यात चार्जर थोडे, पण प्लॉटवर घर आहे, घराला पोर्च आहे, पोर्चमध्ये भिंत आहे. ही गाडी महानगरांसाठी बनवली असं जाहिरातीत दाखवतात. ती शोभते आमच्याकडे.

ती स्वच्छ आहे का, हा प्रश्न मी जरा दबकत घेते. अकोल्याहून पश्चिमेला गेलं की पारसची चिमणी दिसते, अडीचशे मेगावॉटचे दोन संच. अमरावतीच्या उशाशी नांदगाव पेठेला २७० मेगावॉटचे पाच. दोन्हीकडे कोळसा. माझी गाडी धूर सोडत नाही, तिचा धूर नांदगाव पेठेला निघतो, एवढाच फरक आहे असं माझा भाचा म्हणतो. ते पूर्ण खरं नाही, मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते. पण ते पूर्ण खोटंही नाही. छतावर पॅनेल लावले की हा वाद घरापुरता मिटतो. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि ऊन तर आपल्याकडे मागितल्यापेक्षा जास्तच आहे. तेवढे पॅनेल चांगल्या दिवशी बाराएक युनिटं देतात, लहान गाडीचे शंभर किलोमीटर.

बाकी किरकोळ. टायरची हवा पंधरा दिवसांनी बघा, कमी हवेने पल्ला गुपचूप गळतो. मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, आणि ती सहसा लग्नाच्या मुहूर्तालाच बसते. दर महिन्याला नागपूर-पुणे करणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. घरात एकच गाडी असणार असेल आणि कुणाचे उपचार नागपूरला चालू असतील, तर मुळीच घेऊ नये.

इतरांनी घ्यायची ठरवली, तर टेस्ट ड्राइव्ह मे महिन्यात मागा. दुपारी दोनला, एसी लावून, घरची चार माणसं बसवून. शोरूमवाला तुम्हाला कॅम्पातून पंचवटीपर्यंत फिरवून आणायला बघेल. त्याला म्हणावं, आपण मूर्तिजापूरला जाऊन येऊ. तो हो म्हणाला, तर खुशाल बुकिंग करा.